आमदाराच्या कपाटातला गाव

दिल्लीच्या २६, अलीपूर रोड या बंगल्यात ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं निधन झालं, तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते. घरात हस्तलिखितं होती, टंकलिखित मसुदे होते, पत्रव्यवहार होता. पुढची दहा वर्षं हे सगळं तिथेच राहिलं. जानेवारी १९६७ मध्ये त्यांच्या पत्नी माईसाहेब आंबेडकर अलवरला गेल्या असताना घराचा ताबा घेणारी माणसं आत शिरली. खोल्या रिकाम्या झाल्या, कागद अंगणात पडले. त्या रात्री पाऊस झाला. बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी ही हकिकत सांगितली आणि वसंत मून यांनी ती बाबासाहेबांच्या लेखनाच्या, महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ग्रंथमालेतल्या एका प्रस्तावनेत नोंदवून ठेवली.

ती प्रस्तावना पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला पुढचं पान उलटवता येईना. त्या पावसात काय भिजलं, याचा हिशेब आता लागणार नाही. ज्या माणसाने देशाच्या राज्यघटनेचा मसुदा घडवला, त्याच्या कागदांवर अशी रात्र आली. मग एखाद्या तालुक्यातून दोनदा निवडून आलेल्या आणि तिसऱ्यांदा पडलेल्या आमदाराच्या कागदांचं काय होत असेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला.

* * *

बरीच वर्षं मी विधिमंडळाचं वार्तांकन केलं. सभागृहात काय बोललं जातं ते टिपून ठेवायला प्रतिवेदक असतात, त्यातून कार्यवृत्त तयार होतं, ते विधानभवनाच्या ग्रंथालयात सापडतं. पण तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना आकाशातून पडत नाही. तिच्यामागे कुणाचं तरी पत्र असतं. गावातून आलेलं निवेदन, तलाठ्याच्या उताऱ्याची नक्कल, वर्तमानपत्राचं कात्रण, शिक्षकाने बोरूने लिहावं तशा अक्षरात लिहिलेला चार पानी अर्ज. सभागृहात उच्चारलेलं वाक्य हे झाडाचं फळ धरलं, तर मुळं या कागदांत असतात. ती मुळं कुठे जातात?

निवडणूक संपली की पहिली हालचाल आमदार निवासात दिसते. हरलेल्या सदस्याला खोली सोडावी लागते. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य. दर पाच वर्षांनी त्यातले कितीतरी चेहरे बदलतात. गादी, कुकर, टीव्ही गावाकडे जातो. कागदांचे गठ्ठे सर्वांत शेवटी उरतात. ते न्यायचे तर टेम्पोत जागा लागते आणि गावाकडे कपाट लागतं. मतदारसंघातलं संपर्क कार्यालय बहुधा भाड्याचं, तेही बंद होतं. या सगळ्यात कागदांची खरी ओळख असलेला एकच माणूस असतो, तो म्हणजे स्वीय सहायक. कुठल्या गावचं निवेदन कुठल्या फायलीत आहे, कुणाला शिफारसपत्र दिलं आणि कुणाला नुसतं आश्वासन, हे त्याला तोंडपाठ असतं. साहेब पडले की तो दुसरीकडे नोकरी धरतो, आणि त्या कागदांची किल्लीच हरवते.

गेल्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावी, एका दिवंगत माजी आमदारांच्या घरी गेलो होतो. कुटुंबाने नाव छापू नका म्हटलं, म्हणून छापत नाही. वाड्याच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. त्यांच्या सूनबाईंनी किल्ली शोधायला अर्धा तास घेतला आणि दार उघडल्यावर पदर नाकाला लावला. आत डांबरगोळ्यांचा वास आणि त्याखाली जुन्या कागदाचा आंबूस वास. वरच्या खणात सत्काराची मानपत्रं, शाली, सभागृहातल्या पहिल्या दिवसाचा फोटो. खालच्या तीन खणांत सुतळीने बांधलेली बाडं.

एक बाड सोडलं. पोस्टकार्डं, आंतरदेशीय पत्रं, वहीची फाडलेली पानं. मुक्कामी एसटी सुरू करा. पाझर तलावाच्या कामाची मजुरी दोन हप्ते मिळाली नाही. मुलीची बदली आदिवासी भागात झाली आहे, घरी म्हातारी सासू आहे. विहिरीत मोट उतरत नाही इतका गाळ आहे. एका पत्रात नवऱ्याच्या दारूबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी, आमदारांनी त्याला दोन शब्द सांगावेत, अशी विनंती. कोपऱ्यात लाल पेन्सिलने आमदारांचे शेरे. 'तहसीलदारांशी बोललो.' 'अधिवेशनात घेणे.' 'भेट.' शेवटच्या खणात आवक-जावकीच्या अकरा वह्या, एका हाताने लिहिलेल्या.

सूनबाईंना वाटत होतं, मी मानपत्रांसाठी आलो आहे. त्यांनी ती पुसून, नीट लावून ठेवली होती. खालची बाडं मात्र पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत काढायची ठरली होती. रद्दीवाल्याने भावही सांगितला होता.

लोकप्रतिनिधीचे कागद जपा म्हटलं की लोकांना वाटतं, पुढाऱ्याचं स्मारक मागतो आहे. पुतळे, रस्त्यांची नावं, जयंत्या भरपूर आहेत. त्यांची भर कुणी मागत नाही. आमदाराच्या कपाटात आमदार थोडाच असतो. त्यात असतो त्याचा मतदारसंघ. ज्या बाईने आयुष्यात कधी छापण्यासाठी काही लिहिलं नाही, जिचं नाव मतदारयादी आणि रेशनकार्डाखेरीज कुठे आलं नाही, तिच्या हाताचा एकुलता एक कागद कदाचित त्या बाडात असेल. तिने तो सरकारला लिहिला नव्हता. आपला माणूस म्हणून ज्याला मत दिलं, त्याला लिहिला होता. म्हणून त्यातली भाषा अर्जाची नाही, घरची आहे. सांगोल्याहून गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर गेले. इतक्या वर्षांत एका दुष्काळी तालुक्याने आपल्या आमदाराला काय काय लिहिलं असेल, याची नुसती कल्पना केली तरी पाण्याचा, चाऱ्याचा आणि स्थलांतराचा एक अलिखित इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो.

* * *

कायदा या कपाटापर्यंत पोहोचत नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आणि महाराष्ट्राचा २००५ चा. सरकारी कार्यालयातला कागद मनाला येईल तेव्हा नष्ट करता येत नाही. केंद्राच्या कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पण त्याच निवेदनाची आमदाराकडे आलेली प्रत ही त्याची खासगी मालमत्ता. आमदार, खासदार यांचा पत्रव्यवहार त्यांच्या मालकीचा, नंतर वारसांचा. ऐतिहासिक महत्त्वाचे खासगी कागद देणगी म्हणून किंवा विकत घेऊन स्वीकारण्याची मुभा केंद्राचा कायदा अभिलेखागाराला देतो, मात्र त्यासाठी कुणीतरी आधी द्यायला हवेत.

अमेरिकेतही काँग्रेसच्या सदस्याचे कागद त्याचेच समजले जातात. तिथे २००८ मध्ये दोन्ही सभागृहांनी ठराव करून सदस्यांना आपले कागद जतन करून संशोधनासाठी सोपवण्याचं आवाहन केलं. त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, ओक्लाहोमा विद्यापीठात माजी सभापती कार्ल अल्बर्ट यांच्या नावाचं केंद्र उभं राहिलं आणि तिथे सदस्यांचे कागद गोळा होऊ लागले. तो ठराव म्हणजे सक्ती नव्हे. पण मावळत्या सदस्याला कुणीतरी विचारतं, एवढं तरी त्याने झालं.

मराठी माणसाला कागदाचं वेड नाही असं कोण म्हणेल? इतिहासाचार्य राजवाडे घरोघर, वाड्यावाड्यांत फिरले, माळ्यांवरची दफ्तरं उतरवली. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापले. रुमाल हा शब्द आपण आजही कागद बांधलेल्या कापडासाठी वापरतो. पोथीत सापाची कात ठेवणाऱ्या, बाडात वेखंड घालणाऱ्या लोकांचा हा मुलूख. अठराव्या शतकातल्या कुळकर्ण्याने लिहिलेला वसुलीचा तक्ता आपल्याला इतिहास वाटतो, पण १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईने आमदाराला लिहिलेलं पत्र रद्दी वाटतं. हा भेद आपणच केला आहे, आणि तो मला पटत नाही.

* * *

कागद टिकले तर काय घडतं, याचं एक जुनं उदाहरण एका खासदाराचं आहे, आणि तो खासदार ब्रिटिश पार्लमेंटचा. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले. दादाभाई कागद टाकत नसत. आलेली पत्रं, पाठवलेल्यांच्या नकला, पावत्या, आमंत्रणं, सगळं ठेवत. हा संग्रह पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आला. त्यात आज सुमारे तीस हजार कागद आहेत. दिनयार पटेल यांनी या ढिगाऱ्यात वर्षानुवर्षं बसून दादाभाईंचं चरित्र लिहिलं आणि ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या खूप आधी रा. प. पटवर्धन यांनी दादाभाईंचा पत्रव्यवहार संपादित केला होता. अशा संग्रहातून 'संपत्तीचं निःसारण' हा सिद्धान्त ज्या माणसाच्या डोक्यात शिजत होता, तो रोज कुणाकुणाला उत्तरं देत होता, कुठल्या कामगार संघटनेशी आणि कुठल्या स्त्री-मताधिकाराच्या कार्यकर्तीशी बोलत होता, हे उलगडतं.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचे कागद भारत सेवक समाजाकडून राष्ट्रीय अभिलेखागारात गेले. मार्च १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि वर्षभराने ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. ही संख्या कार्यवृत्तात आहे. पण पडणाऱ्या विधेयकासाठी माणूस किती पत्रं लिहितो, कुणाच्या पाया पडतो, कोण शब्द देऊन फिरतं, हे पत्रव्यवहारात कळतं. मला तरी वाटतं, जिंकलेल्या विधेयकांपेक्षा हरलेल्या विधेयकांचे कागद जास्त बोलतात. जिंकलेल्याचा कायदा होतो, तो छापला जातो. हरलेलं विधेयक कुणाच्या तरी टिपणवहीतच जिवंत राहतं.

मराठी लोकप्रतिनिधींचे जे महत्त्वाचे संग्रह टिकले, त्यांतले कितीतरी दिल्लीत आहेत. मुकुंदराव जयकरांचे राष्ट्रीय अभिलेखागारात. ना. म. जोशी, न. चिं. केळकर, बापूजी अणे, डॉ. मुंजे, मधू लिमये यांचे तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात. हे ग्रंथालय १९६४ पासून नेहरूंच्या नावाने ओळखलं जायचं, २०२३ पासून ते पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालय झालं. तिथे ते सुरक्षित आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण यवतमाळच्या विद्यार्थिनीला अण्यांचं पत्र वाचायचं तर दिल्लीचं तिकीट काढावं लागतं. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' २०१५ पासून आंतरजालावर आहे आणि त्याने बरंच अंतर कमी केलं. तरी मराठी हस्ताक्षरातलं, मध्येच मोडीत घसरणारं पत्र ज्या गावातून लिहिलं गेलं, त्या गावाच्या जवळपास वाचता यावं, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेख संचालनालय आहे. त्याची मुळं १८२१ मधल्या कंपनी सरकारच्या दफ्तरखान्यात आहेत. वाचनकक्षात बसलं की बाहेरची वाहतूक दूर जाते आणि पान उलटल्याचा आवाज ऐकू येतो. माजी आमदारांच्या कागदांचं घर असावं तर ते असं, सरकारच्या कागदांच्या शेजारी. मंत्रालयाच्या फायलीत सचिवाने काय लिहिलं आणि त्याच प्रकरणात आमदाराला गावाने काय लिहिलं, हे एका टेबलावर ठेवून वाचता आलं, तर इतिहासाचं पान दोन्ही बाजूंनी वाचल्यासारखं होईल.

रोजगार हमी योजनेचंच घ्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यात ती रुजली, १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये सगळ्या देशाने ते तत्त्व कायद्यात घेतलं. विधानभवनातल्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला पाग्यांचं नाव आहे, ते योग्यच आहे. पण ज्या कल्पनेने कोट्यवधी हातांना काम दिलं, तिचं पहिलं टिपण, खोडाखोड, मजुरांच्या हिशेबाचे आकडे, मुख्यमंत्र्यांशी झालेला पत्रव्यवहार हे सगळं एका जागी, सूचीसह, कुणालाही मागता येईल असं ठेवणं हा त्या नावाचा खरा मान ठरेल.

यशवंतराव चव्हाणांच्या बाबतीत आपण नशीबवान. कऱ्हाडच्या 'विरंगुळा' या घरात त्यांच्या वस्तू आणि पुस्तकं जपली आहेत. परदेशातून पत्नी वेणूताईंना लिहिलेली पत्रं पुस्तकरूपाने आली. १९६५ च्या युद्धात संरक्षणमंत्री असताना त्यांनी रोज लिहिलेली दैनंदिनी त्यांचे एकेकाळचे खासगी सचिव राम प्रधान यांनी जपली आणि तिच्या आधारे २००७ मध्ये पुस्तक लिहिलं. इथेही पाहा, किल्ली सचिवाच्याच हातात होती. त्याने ती जपली, म्हणून युद्धकाळात संरक्षणमंत्र्याच्या मनात रात्री काय चाललं होतं, ते बेचाळीस वर्षांनी आपल्याला कळलं.

* * *

आता पुन्हा अलीपूर रोडच्या कागदांकडे. उरलेल्या पेट्या न्यायालयाच्या व्यवस्थेतून प्रशासकीय ताब्यात गेल्या आणि तिथे पडून राहिल्या. नागपूरच्या एका वकिलांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांचं मागणं साधं होतं: हे लेखन मला छापू द्या, नाहीतर सरकारने छापावं. महाराष्ट्र सरकारने १९७६ मध्ये प्रकाशनासाठी समिती नेमली. महसूल खात्यात नोकरी केलेले वसंत मून १९७८ मध्ये विशेष कार्य अधिकारी झाले आणि १४ एप्रिल १९७९ ला पहिला खंड निघाला.

मून यांच्याबद्दल लिहिताना माझा हात थांबतो. नागपूरच्या दलित वस्तीत वाढलेला हा माणूस. त्याच्यासमोर पानांचे क्रम विस्कटलेले, शीर्षकं नसलेले, एकाच प्रकरणाचे दोन-तीन मसुदे असलेले गठ्ठे होते. कुठलं पान कुठल्या ग्रंथाचं हे ठरवायचं. बाबासाहेबांनी खोडलेलं वाक्य खोडलेलंच ठेवायचं की दाखवायचं, याचा निर्णय करायचा. असं काम करणाऱ्याला लेखक म्हणत नाहीत, संपादक म्हणून नाव मुखपृष्ठावर बारीक अक्षरात येतं. दुसरा खंड १९८२ मध्ये आला. त्यात १९२७ ते १९३९ या काळातली मुंबई विधिमंडळातली बाबासाहेबांची भाषणं आहेत. कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकावर २८ जुलै १९२८ ला ते जे बोलले, ते तिथे वाचता येतं. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मांडलेलं खोती नष्ट करण्याचं विधेयकही तिथे आहे. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले, त्यांच्या मागणीचं मूळ याच विधेयकात होतं. त्या खंडामुळे आज कुणालाही, कुणाच्या परवानगीशिवाय, लोकप्रतिनिधी आंबेडकर समजून घेता येतात.

सर्वांसाठी खुलं करणं म्हणजे काय, हे चौथ्या खंडाने दाखवलं. हिंदू धर्मातल्या कोड्यांवरचं बाबासाहेबांचं अप्रकाशित लेखन १९८७ मध्ये छापलं गेलं आणि राम-कृष्णांवरच्या परिशिष्टावरून वादळ उठलं. प्रती जाळल्या गेल्या. सरकारने ते परिशिष्ट मागे घेण्याची तयारी दाखवली, तेव्हा दलित जनता लाखांच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यांवर उतरली. अखेर मजकूर राहिला आणि शासन या मतांशी सहमत नसल्याची टीप त्याला जोडली गेली. ती टीप मला खटकते. पण पान राहिलं, हे महत्त्वाचं. जतन केलेला कागद आपल्याला आवडेल असंच बोलेल, याची हमी नसते. ती हमी मागणाऱ्याने कपाट उघडूच नये.

आणि छापलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. खंडांच्या नव्या आवृत्त्यांसाठी घेतलेला कागद पडून असल्याची बातमी 'लोकसत्ता'ने दिली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. मागणी असताना पुस्तक मिळत नसेल, तर ते कुलपात असल्यासारखंच. चांगदेव खैरमोड्यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच पत्रं, पत्रकं, कात्रणं जमवली आणि त्यांतून चरित्राचे अनेक खंड उभे केले. एका माणसाच्या चिकाटीवर इतकं उभं राहतं आणि एका रात्रीच्या पावसात इतकं जातं. ही चिकाटी संस्थेची व्हायला हवी.

* * *

कागद मरतो कसा, हेही थोडं सांगायला हवं. जुना हातकागद शेकडो वर्षं टिकतो. विसाव्या शतकातला लाकडाच्या लगद्याचा कागद स्वतःच्या आम्लानेच पिवळा पडून तुटतो. त्यात टाचण्यांचा गंज, चिकटपट्टीचा डाग, कसर, वाळवी, आणि कोकण-मुंबईची चार महिन्यांची ओल. टंकलेखनाच्या कार्बन प्रती पातळ कागदावर असतात, बोटाने उचलल्या तरी कोपरा हातात येतो. नव्वदच्या दशकातले फॅक्सचे गुळगुळीत कागद तर कोरे होऊन गेले आहेत. वर तारीख नाही, खाली सही नाही.

घरच्या घरी लोक प्रेमाने जे करतात, त्याने कधीकधी जास्त नुकसान होतं. पत्राला दुकानात जाऊन प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करून आणतात. ते पुन्हा काढता येत नाही. जाणकार आधी टाचण्या काढतात, धूळ मऊ कुंचल्याने झाडतात, फाटलेल्या जागी गव्हाच्या खळीने जपानी टिश्यू लावतात, आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवतात, आणि पेन्सिलीने क्रमांक घालतात. शाई कधीच नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बाड ज्या क्रमाने बांधलं होतं तो क्रम मोडत नाहीत, कारण कुठल्या पत्राशेजारी कुठलं पत्र होतं, हीसुद्धा माहिती असते. स्कॅनिंग त्यानंतर. सूची नसलेलं स्कॅनिंग म्हणजे रद्दीचा फोटो.

आणखी एक संकट येऊन ठेपलं आहे. दोन हजार सालानंतर आमदारांच्या कार्यालयात संगणक आले आणि पत्रं श्रीलिपी, आकृती अशा टंकांत लिहिली गेली. युनिकोड आल्यावर त्या फायली उघडल्या तर 'मा. तहसीलदार' ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. फ्लॉपी वाचणारं यंत्र सापडत नाही. आता निवेदनं व्हॉट्सअॅपवर येतात. फोन बदलला की गाव पुसलं जातं. १९७० चं पोस्टकार्ड २०२५ मध्ये वाचता येतं. २०१५ चा संदेश २०३५ मध्ये वाचता येईल का, याची मला शंका आहे.

* * *

कुटुंबं कागद का देत नाहीत? लोभ हे कारण मला फार कमी दिसलं. भीती दिसली. जुन्या पत्रात कुणाच्या बदलीची शिफारस आहे, कुणाला पक्षात घेऊ नका असं लिहिलं आहे, कुणाच्या भावकीचं भांडण आहे. आज तीच कुटुंबं सोयरी झाली आहेत. ही भीती खोटी नाही. त्या दारूबद्दलच्या पत्राचा मी वर उल्लेख केला, पण गावाचं नाव दिलं नाही. ती बाई असेल, नसेल. तिची मुलं आहेत.

यावर उपाय जुना आहे. दानपत्रात स्पष्ट लिहायचं: अमुक फायली अमुक वर्षांपर्यंत बंद, बाकीच्या आजपासून खुल्या. दानपत्र मोघम राहिलं तर काय होतं, ते नेहरूंच्या कागदांच्या वादात देशाने पाहिलं. २००८ मध्ये ५१ खोकी तीन मूर्तीच्या ग्रंथालयातून कुटुंबाकडे परत गेली आणि ती परत मिळावीत यासाठीचा पत्रव्यवहार २०२४ मध्येही चालू होता. मालकी कुणाची, हा प्रश्न कागद देताना पाच मिनिटांत सुटतो, नंतर पंचवीस वर्षांत सुटत नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. सदस्याने शपथ घेतली त्याच आठवड्यात विधिमंडळ सचिवालयाने त्याच्या हाती एक पान द्यावं: कुठले कागद ठेवायचे, कसे ठेवायचे, मुदत संपल्यावर कुणाला फोन करायचा. खोली सोडताना सामानाच्या यादीबरोबर कागदांबद्दलही विचारावं. जिल्ह्याच्या ठिकाणी, विद्यापीठात किंवा जुन्या नगर वाचनालयात, दोन कोरड्या खोल्या आणि सूची करता येणारी दोन माणसं. स्वीय सहायकांना निवृत्तीनंतर बोलावून त्यांच्याकडून नावं, अक्षरं, शेरे ओळखून घ्यावेत, कारण ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. स्मारकाच्या चौथऱ्याला जितका खर्च येतो, त्याहून कमी खर्चात हे होईल.

* * *

त्या वाड्यातलं कपाट अजून तिथेच आहे. सूनबाईंनी रद्दीवाल्याला नको म्हणून सांगितलं. कुणाला द्यायचं, ते घरात अजून ठरलेलं नाही. थोरले चिरंजीव पुण्यात असतात, त्यांचं म्हणणं वेगळं आहे. तोवर महिन्यातून एका रविवारी मी एसटीने जातो आणि आम्ही दोघं ओसरीवर बसून सूची करतो. पहिल्या दिवशी सूनबाई नुसत्या चहा आणून देत होत्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी एका पत्रावरचं अक्षर ओळखलं, माहेरच्या गावच्या मास्तरांचं. तेव्हापासून वही त्या लिहितात. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

क्रमांक १. पोस्टकार्ड. शिसपेन्सिल. तारीख नाही, टपालाचा शिक्का पुसट. विषय: विहिरीतला गाळ. आमदारांचा शेरा लाल पेन्सिलीत: 'भेट.' मागच्या बाजूला दुसऱ्या हातात: 'भेट झाली. काम झाले.' पाठवणाऱ्याचं नाव सूचीत लिहिलं आहे, इथे लिहीत नाही.

गेल्या रविवारपर्यंत क्रमांक २१४ झाला.